कुत्रा म्हातारा होतो तेव्हा: निरोपाच्या आधीच सुरू होणारं दुःख कसं सांभाळायचं?

गेटची कडी वाजली की धावत येणारा तो आज आला नाही. तुम्ही चपला काढल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, तरी तो आपल्या कोपऱ्यात झोपलेलाच. जवळ जाऊन अंगावर हात ठेवला तेव्हा दचकून जागा झाला, तुमच्याकडे पाहिलं आणि शेपटी हलवली. त्याला तुमची चाहूल लागलीच नव्हती. तुम्हाला हसू आलं आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला.

त्यानंतर हळूहळू काही सवयी लागतात. रात्री उठून त्याचं पोट वर-खाली होतंय ना, हे पाहायचं. तोंडावरचे पांढरे केस दिसले की मनात वर्षं मोजायची. जुने फोटो बघताना मध्येच मोबाईल बाजूला ठेवायचा. तो तर समोर आहे, जेवतोय, झोपतोय. मग आपल्याला आत्ताच रडू का येतंय, असा प्रश्न पडतो. कुणाला सांगायला जावं तर 'उगाच आत्तापासून काय रडतोस' हे ऐकावं लागतं.

हे दुःख खरं असतं. मानसशास्त्रात त्याला नाव आहे आणि ते सांभाळण्याचे मार्गही आहेत. या लेखात ते समजून घेऊया.

कुत्रा म्हातारा झाला, असं कधी म्हणायचं?

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं, हा हिशोब आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. तो बरोबर नाही. कुत्रा पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्यानं मोठा होतो आणि पुढे वाढत्या वयाचा वेग कमी होतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्रॅडॉर जातीच्या कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल तपासले आणि त्यांची माणसातल्या बदलांशी तुलना केली. त्यांच्या सूत्रानुसार १ वर्षाचा लॅब्रॅडॉर साधारण ३१ वर्षांच्या माणसासारखा, ४ वर्षांचा साधारण ५३ वर्षांच्या माणसासारखा आणि १२ वर्षांचा साधारण ७० वर्षांच्या माणसासारखा असतो. हे सूत्र एकाच जातीवरून काढलेलं असल्यामुळे सगळ्या कुत्र्यांना तसंच्या तसं लागू होत नाही.

आकारानुसारही फरक पडतो. लहान चणीचे कुत्रे जास्त जगतात. ग्रेट डेनसारखे अवाढव्य कुत्रे सहा-सात वर्षांतच वयस्क होतात, तर पॉमेरेनियनसारखा कुत्रा दहाव्या वर्षीही घरभर उड्या मारत असतो. म्हणून ठरावीक आकड्याऐवजी पशुवैद्य वेगळा हिशोब वापरतात. त्या जातीच्या अपेक्षित आयुष्याचा शेवटचा पाव भाग, म्हणजे म्हातारपण.

या हिशोबात एक दिलासा आहे. पाव आयुष्य म्हणजे काही आठवडे नव्हेत. बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत ही दोन ते चार वर्षं असतात. पहिला पांढरा केस दिसल्यापासून ही सगळी वर्षं धास्तीत काढायची की त्याच्यासोबत जगायची, हा खरा प्रश्न आहे.

तो समोर असताना आपल्याला दुःख का होतं?

जवळचं माणूस जाण्याआधीच आपण मनात त्याच्यासाठी शोक करू लागतो. १९४४ मध्ये एरिक लिंडमन या मानसोपचारतज्ज्ञानं शोकावर एक महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. जवळचे लोक युद्धावर गेल्यानंतर, ते जिवंत असतानाच, त्यांच्या वियोगाच्या धास्तीनं घरच्यांच्या मनात शोक सुरू झाल्याचं त्यात नोंदवलं आहे. त्याला मराठीत 'पूर्वशोक' म्हणता येईल. म्हाताऱ्या किंवा आजारी प्राण्याच्या पालकांनाही हाच अनुभव येतो.

पूर्वशोकाची लक्षणं अनेक प्रकारची असतात. अचानक डोळे भरून येतात. झोप लागत नाही. त्याला घरी सोडून लग्नाला किंवा गावी जायला मन तयार होत नाही. कधी त्याच्यावरच चिडचिड होते आणि मग तासभर अपराधी वाटतं. काही जण तर नकळत त्याच्यापासून लांब राहू लागतात, कारण जवळ गेलं की त्रास होतो. यातलं काही होत असेल तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही. तुमचं मन पुढच्या घटनेची तयारी करतंय.

या नात्याला शरीराचाही आधार आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, असं त्यात दिसलं. आई आणि बाळ यांच्यातलं नातं घट्ट करण्यातही याच संप्रेरकाचा वाटा असतो. तेव्हा 'तो मला लेकरासारखा आहे' असं कुणी म्हणालं तर त्यात नाटकीपणा शोधायची गरज नाही.

आणखी एक कारण आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष सहसा जात नाही. कुत्रा आपल्या आयुष्यातल्या एका काळाचा साक्षीदार असतो. तो आला तेव्हा मुलगी तिसरीत होती, आता ती कॉलेजला गेली. तो आला तेव्हा बाबा होते, त्यांच्या हातची पोळी तो खात असे. आता बाबा नाहीत, पण तो आहे. त्याचं म्हातारपण पाहताना आपण तो सगळा काळ सरताना पाहत असतो. म्हणून कधी कधी दुःख त्याच्या दुखण्यापेक्षा मोठं वाटतं. हे ओळखता आलं तर मनावरचा गोंधळ थोडा कमी होतो.

'कुत्रंच तर आहे' म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

आपल्याकडे माणूस गेलं की चार लोक भेटायला येतात, शेजारी चहा पाठवतात, ऑफिसात रजा मिळते. कुत्र्यासाठी यातलं काहीच नसतं. 'दुसरं पिल्लू आण' हा सल्ला मात्र लगेच मिळतो.

ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, त्याला अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक संज्ञा दिली. मराठीत तिला 'हक्क नाकारलेला शोक' म्हणता येईल. असं दुःख जास्त जड जातं, कारण ते सोसायचं असतं आणि लपवायचंही असतं.

खरं तर आपली परंपरा कुत्र्याला इतकं परकं मानत नाही. दत्ताच्या चित्रात चार श्वान असतात. खंडोबासोबतही कुत्रा असतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. तरीही शेजारच्या काकूंना समजावण्यासाठी युधिष्ठिराचा दाखला काढत बसायची गरज नाही. वाद टाळून एवढंच म्हणावं, 'बारा वर्षं घरात आहे हो, जड जातंय.' बहुतेक लोक यापुढे बोलत नाहीत.

ज्यांना समजतं अशी एक-दोन माणसं मात्र शोधून ठेवा. रोज सकाळी कुत्रा फिरवताना भेटणारी मंडळी, ज्यांचा कुत्रा मागच्या वर्षी गेला अशी मैत्रीण किंवा मित्र, घरातलाच भाऊ. सगळ्यांना समजावं हा आग्रह सोडला आणि एकाला समजलं, तरी पुष्कळ आधार मिळतो.

हे म्हातारपण आहे की दुखणं?

भावनिक ओझं कमी करण्याचा सगळ्यात उपयोगी मार्ग पशुवैद्याच्या दवाखान्यातून जातो. आपण 'आता वय झालं' म्हणून जे सोडून देतो, त्यातलं बरंच उपचारांनी सुसह्य होऊ शकतं.

जिना चढायला नकार देणं, सोफ्यावर उडी न मारणं, उठताना वेळ लागणं, पाठीवर हात लावला की गुरगुरणं ही सांध्यांच्या दुखण्याची लक्षणं असू शकतात. कुत्रा दुखतंय म्हणून विव्हळेलच असं नाही. बहुतेक वेळा तो फक्त शांत होतो आणि आपण म्हणतो, 'वयानुसार शहाणा झाला.' तोंडाला वास येणं आणि कडक खाणं टाळणं यामागे दातांचं दुखणं असू शकतं. जास्त पाणी पिणं आणि वारंवार लघवी होणं यामागे मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. डोळ्यांत निळसर झाक दिसली तर तो दर वेळी मोतीबिंदू नसतो. वयानुसार डोळ्याचं भिंग घट्ट होतं तेव्हाही तशी झाक दिसते आणि त्यात नजर बऱ्यापैकी शाबूत राहते.

मेंदूही म्हातारा होतो. माणसातल्या स्मृतिभ्रंशासारखा विकार कुत्र्यांमध्येही दिसतो. त्याची लक्षणं अशी:

- ओळखीच्या घरात हरवल्यासारखं फिरणं, कोपऱ्यात किंवा दारामागे अडकून उभं राहणं
- घरच्या माणसांशी वागण्यात बदल, आधी अंगाला चिकटणारा आता अलिप्त किंवा त्याच्या उलट
- दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या, विनाकारण भुंकणं
- शिकवलेली शिस्त विसरून घरात शू-शी होणं
- एकाच जागी टक लावून बसणं किंवा सतत चालत राहणं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांमध्ये आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये अशा बदलांपैकी किमान एका प्रकारचा बदल दिसला होता. हा विकार पूर्ण बरा होत नाही. तरी औषधं, आहारातले बदल आणि ठरलेला दिनक्रम यांनी लक्षणं सौम्य होऊ शकतात.

हे माहीत असण्याचा मनाला मोठा फायदा होतो. पहाटे तीन वाजता तो भुंकतोय तो हट्टानं नाही, त्याला दिवस-रात्र कळेनाशी झाली आहे, हे समजलं की राग ओसरतो. ज्यानं दहा वर्षं घरात कधी घाण केली नाही, त्यानं आज गादी ओली केली तर त्याला ओरडण्यात अर्थ नाही, हेही कळतं.

म्हणून उतारवयात वर्षातून एकदाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. आणि एक सावधगिरी कायम लक्षात ठेवावी. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय धोक्याचं आहे.

घरात छोटे बदल, मनाला मोठा आधार

काळजी करत बसण्यापेक्षा हातानं काहीतरी केलं की धास्ती कमी होते. त्याच्या रोजच्या जगण्यातल्या अडचणी सोडवणं, हा त्याच्यासाठी उपचार आहे आणि तुमच्यासाठीही.

फरशीपासून सुरुवात करा. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. एकदा पडला की तो चालायलाच घाबरतो. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत जुनी सतरंजी, योगा मॅट किंवा रबरी पायपुसणी टाका. वाढलेली नखं आणि पंज्यामधले केस कापले तरी पकड सुधारते. झोपायला जाड गोधडी किंवा गादी द्या, थंडीत ती फरशीपासून थोडी उंचावर ठेवा.

फिरणं बंद करू नका, फक्त त्याची रीत बदला. तासभराच्या एका फेरीऐवजी दहा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या मारा. त्याला ओढू नका. एका झुडपापाशी पाच मिनिटं हुंगत उभा राहिला तर राहू द्या. ऐकू येणं आणि दिसणं कमी झालं तरी कुत्र्याचं नाक बरेचदा शेवटपर्यंत साथ देतं. आज कोण कोण इथून गेलं, ही बातमी तो त्या झुडपापाशी वाचत असतो.

तुम्ही सोसायटीत राहत असाल तर लिफ्टचा प्रश्न येतो. भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गृहसंस्थेनं पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरायला मनाई करू नये आणि त्यासाठी वेगळे पैसेही आकारू नयेत. गुडघे दुखणाऱ्या कुत्र्याला तीन मजले चढवण्याआधी ही सूचना समितीला दाखवता येते.

प्रेम म्हणजे बिस्किट, हे समीकरणही आता तपासून पाहायला हवं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांचं आयुष्यभर निरीक्षण केलं गेलं. ज्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, ते सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. याचा अर्थ म्हाताऱ्याला उपाशी ठेवा असा नाही. वजन आटोक्यात ठेवणं, ही त्याच्या सांध्यांवर केलेली मायाच आहे. उतारवयात त्याचं वजन आपोआप घटू लागलं तर मात्र लगेच दाखवा.

सांभाळणाऱ्याचा थकवा

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रात्रीतून दोनदा उठायचं, चादरी धुवायच्या, गोळ्यांच्या वेळा पाळायच्या, उचलून गाडीत ठेवायचं, दवाखान्याचं बिल भरायचं आणि सकाळी नऊची लोकल पकडायची. महिने महिने हे चाललं की माणूस थकतो. मग एखाद्या रात्री मनात विचार येतो, 'आता संपलं तर बरं.' आणि त्या विचारानं आपलीच आपल्याला लाज वाटते.

अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनेगल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २३८ पालकांचा अभ्यास केला. ज्यांच्या घरी दीर्घ आजारी प्राणी होता, त्यांच्यात निरोगी प्राण्यांच्या पालकांपेक्षा शुश्रूषेचं ओझं, ताण, तसंच नैराश्य आणि चिंतेची लक्षणं जास्त दिसली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांना जे वाटतं, त्याच जातीचा हा थकवा आहे. 'संपलं तर बरं' याचा अर्थ बहुतेक वेळा 'त्याचा त्रास संपावा आणि मला झोप मिळावी' एवढाच असतो. त्यात प्रेम कमी झाल्याचा पुरावा नाही.

यावर उपाय साधे आहेत, पण ते ठरवून करावे लागतात:

- कामं वाटून घ्या. रात्रीची पाळी, औषधं, फिरवणं, दवाखाना यासाठी घरातल्या वेगवेगळ्या माणसांची नावं लिहून फ्रिजवर लावा.
- आठवड्यातून काही तास घराबाहेर जा आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.
- खर्चाची मर्यादा आधीच घरात बोलून ठरवा. सगळे उपचार परवडत नाहीत, हे पशुवैद्याला मोकळेपणानं सांगा. त्यातल्या त्यात आराम देणारा मार्ग ते सुचवू शकतात.

लहान मुलं, आजी-आजोबा आणि लांब गेलेली लेकरं

मुलांपासून लपवू नका. 'आजीचे गुडघे दुखतात ना, तसे त्याचेही दुखतात. डॉक्टर औषध देतात, पण तो पुन्हा लहान होणार नाही,' इतकं सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. 'तो झोपी जाणार' किंवा 'शेतावर राहायला जाणार' असं सांगू नका. पहिल्यानं मुलाला झोपेची भीती बसते आणि दुसऱ्यानं ते वर्षभर त्याची वाट पाहत राहतं. मुलांना एखादं छोटं काम द्या, पाण्याचं भांडं भरायचं किंवा पाठ विंचरायची.

अनेक घरांत कुत्रा मुलानं किंवा मुलीनं हट्टानं आणलेला असतो. पुढे ती मुलं पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी जातात आणि कुत्रा आई-बाबांपाशी राहतो. तोच त्यांचा दिवसभराचा सोबती होतो. अशा वेळी कुत्र्याचं म्हातारपण आणि त्यांचं स्वतःचं म्हातारपण एकाच घरात सोबत चालू असतं. बाबा त्याच्या दुखण्याबद्दल फोनवर जास्त बोलत नसतील तर त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. उलट मुद्दाम विचारा. पंचवीस-तीस किलोचा कुत्रा त्यांना उचलता येत नाही, तेव्हा घरी येणारा पशुवैद्य किंवा मदतनीस लांबूनही शोधून देता येतो.

आणि तुम्ही लांब असाल तर 'मी तिथे नाही' हे अपराधीपण सगळ्यात जास्त छळतं. जमेल तेव्हा एक फेरी मारा. तो गेल्यावर धावत येण्यापेक्षा तो तुमच्या हाताचा वास घेऊ शकतो तोवर आलेलं बरं.

चांगले दिवस कसे मोजायचे?

धास्ती अंधारात वाढते. रोजची नोंद ठेवली की चित्र स्पष्ट होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येक दिवसापुढे एक खूण करा, दिवस चांगला गेला की वाईट. महिन्याच्या शेवटी खुणा मोजा. आज खूप वाईट गेला म्हणून कोसळून जाण्याआधी हे दिसतं की महिन्यातले बावीस दिवस चांगले होते. उलट, आपण नाकारत असलेलं सत्यही त्याच पानावर दिसू लागतं.

त्याच्या आवडीच्या पाच गोष्टींची यादी करा. उदाहरणार्थ, दारातल्या उन्हात लोळणं, चेंडू, गाडीची खिडकी, पोळीचा तुकडा, आईच्या पायाशी बसणं. त्यातल्या किती गोष्टी तो अजून आनंदानं करतो, हे अधूनमधून पाहा.

अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी सात प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना आटोक्यात आहेत का? पुरेसं खातो का? शरीरात पाणी पुरेसं आहे का? स्वच्छ ठेवता येतो का? आनंदी दिसतो का? हालचाल करता येते का? वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. एकूण ७० पैकी ३५ च्या वर गुण असतील तर त्याचं जगणं समाधानकारक मानता येतं. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग तुलना करावी. रोज सोबत असणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, दुसऱ्याला दिसते.

तो निर्णय

काही कुत्रे झोपेत शांतपणे जातात. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. वेदना औषधांनीही थांबेनाशा होतात तेव्हा पशुवैद्य वेदनारहित मृत्यूचा पर्याय समोर ठेवतात. आपल्याकडे अनेक घरांत यावरून मतभेद होतात. कुणाला ते पाप वाटतं, कुणाला त्रासात ठेवणं पाप वाटतं. दोन्ही बाजूंना माया असते. म्हणून हे बोलणं तातडीच्या रात्री दवाखान्यातल्या बाकावर नको, आधीच शांतपणे व्हायला हवं. कोणती स्थिती आली की आपण पुढे ओढायचं नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा. घरात कुणालाच हा पर्याय मान्य नसेल तर शेवटपर्यंत वेदना कमी ठेवण्याचे उपचार काय असतील, हे पशुवैद्याला विचारा.

प्रत्यक्षात काय होतं, हे माहीत असलं तर भीती कमी होते. बरेचदा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस दिला जातो. आधी शुद्ध हरपते, त्यानंतर श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडे राहू शकतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसू शकतं, लघवी होऊ शकते. या शरीराच्या आपोआप होणाऱ्या क्रिया आहेत, त्या वेळी त्याला वेदना होत नसतात. पशुवैद्याला आधीच विचारून ठेवा: गुंगीचं औषध आधी देणार का, घरी येणार का, आम्ही जवळ बसू शकतो का? जमत असेल तर जवळ बसा. नाही जमलं तर तेही समजण्यासारखं आहे.

नंतरची व्यवस्थाही आधी ठरवा. गावात शेतात किंवा आवारात पुरता येतं. शहरात जागा नसते. मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला प्राण्यांसाठी दहनभट्टी सुरू केली. तुमच्या शहरात काय सोय आहे, हे महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे विचारून नंबर लिहून ठेवा. त्या दिवशी फोन शोधत बसण्याचं बळ नसतं.

एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाच्या मनात राहते, 'घाई तर केली नाही ना?' किंवा 'उशीर तर केला नाही ना?' अगदी अचूक असा एकच दिवस नसतो. त्या वेळी जे माहीत होतं, त्यावर मायेनं घेतलेला निर्णय म्हणून त्याकडे पाहा.

नंतर काय?

घरात दुसरा कुत्रा असेल तर तोही बदलतो. इटलीतल्या पालकांवर २०२२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, सोबती गेल्यावर मागे राहिलेले अनेक कुत्रे कमी खेळले, कमी जेवले आणि जास्त झोपले, असं पालकांनी सांगितलं. त्याचा दिनक्रम तसाच चालू ठेवा.

त्याचा पट्टा आणि भांडं लगेच उचलायचं की महिनाभर तिथेच ठेवायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. नवीन पिल्लू कधी आणायचं, यालाही मुदत नाही. म्हातारा असतानाच पिल्लू आणण्याचा विचार असेल तर मात्र त्याच्या बाजूनं पाहा. दुखऱ्या अंगावर उड्या मारणारं पिल्लू त्याला नकोसं होऊ शकतं.

काही आठवडे उलटूनही झोप, जेवण, काम सावरत नसेल, सतत निराश वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर मदत घ्या. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे दिवस-रात्र आणि मराठीतही बोलता येतं. 'कुत्र्यासाठी रडतोय' हे सांगायला लाजू नका.

आज काय करता येईल?

आपण उद्याची धास्ती घेतो. पुढच्या वर्षी तो असेल का, हा प्रश्न त्याला पडत नाही. आज पाय दुखतोय का, ऊन कुठे आलंय, तुम्ही घरी आहात का, इतकंच त्याचं जग आहे. त्यामुळे त्याला देता येण्यासारखं जे काही आहे, ते आजच्या दिवसातच देता येतं.

आज त्याचा एक साधा व्हिडिओ काढा. झोपेत घोरतानाचा, दारापाशी भुंकतानाचा. त्याचा आवाज पुढे फार आठवतो. फोटो नेहमी तुम्हीच काढत असाल तर आज मोबाईल दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि त्याच्या शेजारी बसा, कारण बहुतेक घरांत कुत्र्याचे हजार फोटो असतात आणि सगळ्यात जास्त जीव लावणारा माणूस त्यात कुठेच नसतो.

आणि उद्यापासून घरात शिरताना, त्याला चाहूल लागली नाही तर लांबूनच पायानं जमिनीवर हलकेच थाप द्या. फरशीची थरथर त्याला कळते. तो मान वर करेल, तुम्हाला ओळखेल, शेपटी हलवेल. उठायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.